येऊरचा चिखल वाचताना

ठाणे स्टेशनहून सुटलेली येऊरची टीएमटी उपवन मागे टाकून चढाला लागली की खिडकीतून येणारी हवा बदलते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल सुमारे १०४ चौरस किलोमीटर, त्याची ही ठाण्याकडची बाजू. कान्हेरीची लेणी, तुळशी-विहार तलाव हे सगळं शाळेच्या सहलीत पाहून झालेलं असतं, म्हणून ते इथे सोडून देतो. आम्ही गेलो होतो ओढ्याकाठचा चिखल बघायला. पाऊस ओसरून गाळ जरा घट्ट झाला की रात्री कोण पाणी पिऊन गेलं ते सकाळी त्यात वाचता येतं.

वाचून दाखवणारे भेटले ते पाड्यावरचे एक वारली आजोबा. वनखात्याची माणसं पूर्वी ठशांत प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून साचे घेत, तेव्हा पाण्याची बादली आपल्या हातात असायची, असं ते सांगतात.

पहिला ठसा दिसताच मी “बिबट्या!” म्हणून ओरडलो. आजोबा वाकलेसुद्धा नाहीत. “कुत्रा. नखं बघा ना.” बोटांपुढे खरंच नखांचे टिपके होते. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. पन्नास पावलांवर त्याचाही माग सापडला : चार गोलसर बोटं, मागे मोठी गादी आणि गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. पुढच्या पंजाच्या ठशावरच मागचा पंजा जवळजवळ अचूक पडलेला. “घाय नव्हती त्याला,” आजोबा म्हणाले. पलीकडे भेकराचे बोटभर, टोकदार खूर, आणि रानडुकराचे रुंद. डुकराच्या खुरामागे बाजूच्या नखांचे दोन ठिपके उमटतात, ते शोधायचे.

आजोबा बिबट्याला ‘वाघ’च म्हणतात. वाघबारशीला वाघोबाला नारळ दिला की वर्षाचा हिशेब चुकता, असा त्यांचा विश्वास. पट्टेरी वाघ इथून केव्हाच गेला. 2003 मध्ये त्याचे ठसे उद्यानात सापडले, तेव्हा मात्र वनखात्यासकट सगळे चक्रावले होते. घोडबंदर रस्त्यावरच्या वाघबीळमध्ये तर वाघ आता फक्त बसथांब्याच्या पाटीवर उरलाय.

हल्ली मोजणीला ठशांची गरज उरलेली नाही. झाडाला बांधलेला कॅमेरा फोटो काढतो आणि अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक बिबट्या वेगळा ओळखतात. 2015 च्या अशा मोजणीत उद्यान परिसरात 35 बिबटे निघाले. मोजणी पक्की झाली, हे चांगलंच. पण कुठला बिबट्या घाईत होता आणि कुठला रमतगमत गेला, हे सांगायला अजून आजोबाच लागतात.

परतताना पायवाट संपून सिमेंटचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना बंगले, हॉटेलं, खेळाच्या टर्फवरचे दिवे. शनिवारी रात्री इथे गाण्यांचा आवाज पाड्यापर्यंत येतो म्हणे. “मग वाघ या बाजूला येत नसेल?” मी विचारलं.

“येतो की. पयल्यासारखाच येतो.” आजोबांनी चप्पल सिमेंटवर घासली. “हितं कोण येऊन गेलं ते कळत नाय, एवढंच.”