एक शब्द, अनेक अर्थ : ‘पॉवर’

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाताना मुळशीचा विस्तीर्ण जलाशय लागतो. मुळा नदीवर धरण बांधून अडवलेले हे पाणी सह्याद्री ओलांडून पश्चिमेला, रायगड जिल्ह्यातील भिरा येथे उतरवले जाते. तेथील वीजघर १९२७ साली सुरू झाले. वीजघराला इंग्रजीत ‘पॉवर हाउस’ म्हणतात. यातील ‘पॉवर’ म्हणजे नेमके काय?

तुम्ही म्हणाल, पॉवर म्हणजे वीज! घरातले दिवे विझले की आपण ‘पॉवर गेली’ असे म्हणतोच. पण पदार्थविज्ञानात या शब्दाला एकच नेमका अर्थ आहे. एका सेकंदात जेवढे कार्य होते ती ‘पॉवर’, म्हणजे शक्ती.

मुळशीचेच उदाहरण घेऊ. पाणी सुमारे ५०० मीटर खाली उतरते. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम. ते एवढे खाली येताना १००० × ९.८ × ५००, म्हणजे ४९ लाख ज्यूल कार्य करू शकते. हे एका सेकंदात घडले, तर शक्ती ४९ लाख वॅट, म्हणजेच सुमारे साडेसहा हजार अश्वशक्ती. तेच पाणी दहा सेकंदांत सोडले तर? कार्य तेवढेच, पण शक्ती एक दशांश! वीजबिलावरील ‘युनिट’ मात्र शक्तीचे नव्हे, ऊर्जेचे माप आहे. एक किलोवॅट शक्तीचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते.

आता गणिताच्या तासाला बसा. तेथे ‘पॉवर’ म्हणजे घातांक. दोनाचा पाचवा घात ३२. चष्म्याच्या दुकानात गेलात, तर भिंगाची ‘पॉवर’ म्हणजे नंबर. नंबर २ असेल, तर भिंगाचे नाभीय अंतर अर्धा मीटर. वकिलाकडे ‘पॉवर’ म्हणजे मुखत्यारपत्र, आणि राजकारणात सत्ता.

हा शेवटचा अर्थ मुळशीने फार जवळून पाहिला आहे. धरण बांधणाऱ्या कंपनीच्या नावातच ‘पॉवर’ होते : टाटा पॉवर कंपनी. तिला मुंबईसाठी वीज हवी होती. त्यासाठी मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांची भातशेती व घरे पाण्याखाली जाणार होती. जमीन सक्तीने घेण्याची सत्ता इंग्रज सरकारच्या हाती होती. त्याविरुद्ध शेतकऱ्यांनी १९२१ च्या एप्रिलमध्ये सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण झाले आणि जमिनी बुडाल्या.

किती पाणी, किती उंचीवरून आणि किती वेळात, हे कळले की भिऱ्याची शक्ती तुम्ही वहीत काढू शकता. जमीन कोणी द्यायची व ते कोणी ठरवायचे, याचे उत्तर त्या सूत्रात नाही. तो ‘पॉवर’चा दुसरा अर्थ आहे. म्हणून कोणी ‘पॉवर’ म्हटले की आधी विचारावे, कोणती?

आता एक करून पाहा. आठवडाभर कानावर पडणारा प्रत्येक ‘पॉवर’ वहीत टिपा आणि त्यापुढे योग्य मराठी शब्द लिहा : वीज, शक्ती, ऊर्जा, घातांक, नंबर, अधिकार की सत्ता? यादी वर्गात वाचा. जेथे मतभेद होईल, तेथे गुरुजींना किंवा बाईंना जरूर विचारा.