मुलांनी केलेला प्रश्नखेळ कसा पारखावा?

शाळेच्या प्रदर्शनात एक वस्तू बहुधा असतेच. पुठ्ठ्यावर रंगविलेला पट, चार सोंगट्या, एक फासा आणि प्रश्न लिहिलेल्या पत्त्यांची चवड. विषय कधी महाराष्ट्रातील किल्ले, कधी आरोग्य, कधी शास्त्रज्ञांची चरित्रे. पालक कौतुकाने पाहतात, परीक्षक दोन मिनिटे थांबतात, आणि ज्याचे रंगकाम सुबक त्याला बहुधा बक्षीस मिळते. नाटक न पाहता नुसत्या पडद्यावरून त्याची परीक्षा करावी, तसाच हा प्रकार होय. परीक्षक म्हणून नाही तरी आईबाप म्हणून असा पट पाहण्याची पाळी आपणांपैकी पुष्कळांवर येते. तेव्हा तो कशावरून पारखावा, ह्याचा थोडा तपशिलाने विचार करू.

पहिली कसोटी अगदी साधी आहे. प्रश्नांचे पत्ते बाजूला काढून ठेवावेत आणि खेळ चालतो का ते पाहावे. तो पूर्वीसारखाच चालला, तर त्या खेळात ज्ञानाला काही काम नाही असे समजावे.

मुले बहुधा सापशिडीचा पट घेतात आणि त्यावर प्रश्न चिकटवितात. सापशिडी मूळची आपल्याकडचीच. जुन्या पटांवर शिड्यांना सद्गुणांची आणि सापांना दुर्गुणांची नावे असत. त्या खेळात खेळणाऱ्याने स्वतः काही ठरवावयाचे नसते. फासा नेईल तिकडे जावयाचे. माणसाची चढउतार दाखविण्यासाठी ती रचना शोभते. पण ज्याला उत्तर येते त्याची सोंगटी पुढे जावी असा हेतू असेल, तर हाच सांगाडा आड येतो.

कसा, ते आकड्यांनी पाहू. समजा, पटावर ४० घरे आहेत आणि त्यांपैकी ६ घरे प्रश्नांची आहेत. एका फाशाचे सरासरी दान साडेतीन. म्हणजे सोंगटी सरासरीने दर साडेतीन घरांमागे एका घरावर थांबते, आणि पट ओलांडण्यास सुमारे १२ दाने लागतात. सहाला साडेतीनने भागले की पावणेदोनहून किंचित कमी उत्तर येते. संपूर्ण डावात प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी दोनही प्रश्न येत नाहीत! मुलाने महिनाभर खपून शंभर प्रश्न जमविलेले असतात, आणि त्याचा पट ते विचारूच देत नाही. हा दोष नुसते पाहून ध्यानात येत नाही. भागाकार केला की येतो. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर काढावयाची नाही, ह्या नियमाचेही तसेच. सहा वेळा फासा टाकूनही सहा न पडण्याची शक्यता जवळजवळ एक-तृतीयांश असते. तेवढा वेळ ते मूल नुसते बसून राहते.

ह्याच्या उलट एक प्रसिद्ध उदाहरण पाहण्याजोगे आहे. १९७९ च्या डिसेंबरात कॅनडातील मॉन्ट्रिऑल शहरी ख्रिस हॅनी आणि स्कॉट अ‍ॅबट ह्या दोन पत्रकारांना ‘ट्रिव्हियल पर्सूट’ हा खेळ सुचला. त्याचा पट चाकासारखा आहे. विषय सहा, आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. चाकाच्या काठावरील सहा मुख्य घरांवर बरोबर उत्तर दिले की त्या रंगाची पाचर मिळते. सहाही पाचरी जमवून मध्यभागी यावयाचे आणि शेवटचा प्रश्न सोडवावयाचा. सोंगटी कोणत्या दिशेस न्यावी हे खेळणारा ठरवितो. फासा वाट दाखवितो, पण नुसत्या फाशाच्या बळावर एकही पाचर हाती लागत नाही. प्रश्न काढून घेतले तर हा खेळ तिथेच थांबेल. दोष त्यातही आहे: उत्तर बरोबर आले की पुन्हा फासा त्याच्याच हाती, त्यामुळे जाणता गडी बराच वेळ खेळतो आणि बाकीचे तोंडाकडे पाहत राहतात.

दुसरी कसोटी प्रश्नांची. पहिल्याने उत्तर खरे आहे का, हे तपासावे. ह्याबाबत त्याच खेळाची एक गोष्ट बोधप्रद आहे. फ्रेड वर्थ नावाच्या अमेरिकन लेखकाने आपल्या माहितीकोशात कोलंबो ह्या दूरचित्रवाणीवरील गुप्तहेराचे पहिले नाव ‘फिलिप’ असे मुद्दाम खोटे दिले होते. कोणी नक्कल केली तर ती पकडता यावी, एवढ्यासाठीच. ‘ट्रिव्हियल पर्सूट’च्या प्रश्नांत नेमके तेच नाव उत्तर म्हणून छापले गेले. वर्थने १९८४ साली दावा लावला. माहितीवर कोणाची मालकी नसते, ह्या कारणाने तो हरला. पण एकाच पुस्तकावर विसंबल्याने काय होते, ते जगाला दिसले. म्हणून मुलाला विचारावे, “हे उत्तर तू कोणत्या दोन ठिकाणी पडताळलेस?”

नंतर उत्तर एकच आहे का, हे पाहावे. ‘सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा, राजगड – ह्यांत वेगळा कोणता?’ असा प्रश्न एखाद्या पत्त्यावर आहे असे समजा. एक म्हणेल राजगड, कारण तो डोंगरी किल्ला आहे. दुसरा म्हणेल जंजिरा, कारण तो मराठ्यांना कधी जिंकता आला नाही. तिसरा म्हणेल विजयदुर्ग, कारण समुद्रातील बेटावरही नव्हे आणि डोंगरावरही नव्हे, असा तो एकटाच. तिघांचेही बरोबर. वर्गातील चर्चेसाठी हा प्रश्न उत्तम. पटावर मात्र तो भांडण लावील. तसेच सगळे प्रश्न सनावळीचे असले तर पाठांतर करणाराच जिंकणार. राज्याभिषेक १६७४ साली झाला, हे विचारावे. पण त्यासाठी राजगड सोडून रायगड का निवडला असावा, हा विचार करावयास लावणारा पत्ताही चवडीत असावा, आणि त्याचे मान्य उत्तर मागे लिहिलेले असावे.

तिसरी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याला उत्तर येत नाही, त्याचे हा खेळ काय करतो? पुष्कळ पटांवर नियम असतो: उत्तर चुकले की पुढचा डाव बुडाला. म्हणजे ज्या मुलाला प्रश्नांची गरज अधिक, त्यालाच ते कमी मिळतात. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. आठवड्याने पहिल्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला, दुसऱ्यांना ५६ टक्के. आठवण्याचा प्रयत्न हाच अभ्यास ठरतो. तेव्हा चुकलेल्याची पाळी काढून घेणे म्हणजे त्याचा अभ्यास काढून घेणे होय. त्याऐवजी उत्तर मोठ्याने वाचावे, पत्ता चवडीत परत घालावा, म्हणजे तो पुन्हा निघेल तेव्हा त्याला संधी राहील. किंवा चुकलेला प्रश्न इतरांना घेऊ द्यावा, म्हणजे सगळेच कान देऊन ऐकतील. असा एखादा नियम ज्या मुलाने स्वतःहून घातला असेल, त्याचे रंगकाम ओबडधोबड असले तरी त्याची पाठ थोपटावी.

चौथी कसोटी वेळेची. वरच्याच ४० घरांच्या पटावर प्रत्येक पाळीला प्रश्न विचारला, आणि पाळीस पाऊण मिनिट धरले, तर चार जणांच्या ४८ पाळ्यांना ३६ मिनिटे लागतात. म्हणजे साधारण एक तास पुरतो. पण उत्तर चुकल्यास सोंगटी जागीच ठेवावयाची असेल आणि निम्मी उत्तरे चुकत असतील, तर पाळ्या ९६ होतात आणि वेळ ७२ मिनिटांवर जातो. चवडीत ५० पत्ते असतील तर ते अर्ध्यातच संपतील. हा हिशेब मुलाने केला आहे का, ते विचारावे.

शेवटची कसोटी प्रत्यक्ष खेळण्याची. पट अनोळखी चार मुलांपुढे ठेवावा, नियमांचा कागद द्यावा, आणि ज्याने खेळ केला त्याला जवळ उभे राहून एक शब्दही बोलू देऊ नये. मुले कुठे अडतात, कशावरून वाद होतो, कोण जांभया देतो, हे त्याने टिपून घ्यावे. ज्या नियमाचा खुलासा तोंडी करावासा वाटतो, तो कागदावर नीट उतरलेला नसतो.

आणि मग गुण द्यावेत. पण लगेच नव्हे. ह्या टिपणावरून मुलाने खेळात दुरुस्ती करावी, आणि पहिल्या व दुसऱ्या पटातील फरकाला गुण असावेत. सुबक पट बाजारातूनही आणता येतो. आपण केलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती देऊन, तो कुठे अडखळतो हे निमूटपणे पाहणे आणि त्याप्रमाणे ती बदलणे, ही शिकवण मात्र मुलाला स्वतः केलेल्या खेळातूनच मिळते. तेव्हा पुढल्या प्रदर्शनात एखाद्या पटापाशी थांबाल, तेव्हा ‘छान रंगविलास’ एवढेच म्हणून पुढे जाऊ नका. खाली बसा, फासा हाती घ्या, आणि एक डाव खेळून पाहा.