मेंदूचा फोटो काय सांगतो आणि काय सांगत नाही

स्किझोफ्रेनियाच्या पेशंटचा एमआरआय नॉर्मल आला की घरचे गोंधळतात. मेंदूत काही नाही, मग हे काय आहे? शेजारचे म्हणतात नाटक, नातेवाईक म्हणतात बाहेरची बाधा. हजारो रुपये जातात आणि प्रश्न तिथेच राहतो. हा गोंधळ सोडवायला अमेरिकेतल्या डॉ. नॅन्सी अँड्रियासन यांचे काम उपयोगी पडते.

या बाई आधी इंग्रजी साहित्य शिकवायच्या. पहिल्या बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाने जिवावर बेतले, पेनिसिलिनने वाचल्या आणि मग डॉक्टर व्हायचे ठरवले. 1970 मध्ये आयोवा विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. त्या काळात हा आजार आईच्या वागण्यामुळे होतो असे मानणारे मोठमोठे मानसोपचारतज्ज्ञ होते. 1948 पासून तशा आईसाठी एक खास इंग्रजी शब्दच वापरात होता. आधीच पिचलेल्या आईवर आणखी एक दगड! आपल्याकडे ते डॉक्टर म्हणत नाहीत, पण लोक म्हणतात. आई नाहीतर नवी आलेली सून.

1976 मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात डॉ. ईव्ह जॉनस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 17 जुन्या पेशंटचे सीटी स्कॅन काढले. मेंदूच्या आत पाण्यासारखा द्रव असलेल्या पोकळ्या असतात. त्या या पेशंटमध्ये निरोगी माणसांपेक्षा मोठ्या दिसल्या. पुढे अँड्रियासन यांनी एमआरआय वापरला. 1986 च्या त्यांच्या अभ्यासात मेंदूचा पुढचा, कपाळामागचा भाग सरासरीने लहान आढळला. हा फरक किती, यावर नंतर बरेच वाद झाले. पण पोकळ्या मोठ्या असणे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले.

कपाळामागचा भाग काय करतो? ठरवणे, सुरुवात करणे, मन लावणे ही त्याची कामे. अँड्रियासन यांचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम इथेच आहे. भास होणे, संशय घेणे ही लक्षणे सगळ्यांना दिसतात. पण पेशंट बोलत नाही, आंघोळ करत नाही, चेहऱ्यावर भाव नसतो, दिवसभर भिंतीकडे बघत बसतो, हीसुद्धा आजाराची लक्षणे आहेत. ती मोजण्याची पद्धत त्यांनी तयार केली. घरात यालाच "आळशी झालाय, कामाला नको म्हणून सोंग करतो" म्हणतात आणि मारहाणही होते. तो आळस नसतो. उठायची इच्छा जिथून यावी तिथेच अडचण असते.

मग आपल्या पेशंटच्या फोटोत हे का दिसत नाही? कारण हा फरक सरासरीचा आहे. बारावीतले मुलगे सरासरीने मुलींपेक्षा उंच असतात. पण नुसते "उंची पाच फूट तीन इंच" सांगितले तर तो मुलगा की मुलगी हे ओळखता येईल का? तसेच इथे. शेकडो स्कॅन एकत्र मांडले की फरक दिसतो, एकट्या माणसाच्या फोटोवरून आजार ठरत नाही. तो बोलण्यावरून, वागण्यावरून, घरच्यांनी सांगितलेल्या हकिकतीवरून ठरतो. डोक्याला मार, फिट, मेंदूत गाठीची शंका किंवा उतारवयात अचानक सुरू झालेला त्रास असेल तर डॉक्टर एमआरआय सांगतात. तेव्हा तो जरूर काढावा. केवळ मनाच्या समाधानासाठी कर्ज काढून काढू नये.

आता औषधाचे. 2011 मध्ये अँड्रियासन यांच्या गटाने 211 पेशंटचे स्कॅन प्रसिद्ध केले, सरासरी सात वर्षे पाठपुरावा करून. ज्यांना औषध जास्त, त्यांच्या मेंदूची घट थोडी जास्त दिसली. हे अर्धेच ऐकले तर कुणीही गोळ्या नाल्यात टाकेल. 2013 मध्ये त्याच गटाने पुढची बाजू मांडली: आजार उलटून जितके जास्त दिवस राहिला, तितकी घटही जास्त. म्हणजे गोळ्या बंद करणे हा उपाय नव्हे. लक्षणे आटोक्यात ठेवणारा कमीत कमी डोस, हे अँड्रियासन यांचे म्हणणे. डोस डॉक्टरच कमी करतील, पण विचारायचे आपण. हात थरथरणे, अंग ताठणे, लाळ गळणे, वजन वाढणे, दिवसभर झोप, यातले काय होते ते कागदावर लिहून न्या. ओपीडीत गर्दी असते, तोंडी सांगायचे राहून जाते.

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जाताना जुने सगळे कागद आणि रिकाम्या गोळ्यांची पाकिटे सोबत ठेवा. जाणे लगेच जमत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 या नंबरवर फुकट आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येते.