छोट्या कारखान्याला विद्यापीठाची साथ
इंझोरी परिसरात तूर पिकते. पण कच्ची तूर विकून तयार डाळ विकत आणली, की नफा गावाबाहेर जातो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही मिनी डाळमिल’ विकसित केली आणि गावातच, कमी भांडवलात डाळ करणं शक्य झालं.

संशोधन भागीदारीचा फायदा हाच. प्रयोगशाळेचा खर्च छोट्या कारखानदाराला झेपत नाही, तो विद्यापीठ उचलतं. यंत्र कुठं अडतं, हे मात्र रोज ते चालवणाराच सांगतो. दोघं मिळाले की सुधारणा होते.

वेल्डिंग-फॅब्रिकेशनचं हुनर असलेल्या आपल्या तरुणांनी विद्यापीठात जाऊन जरूर विचारावं. पण आधी लेखी करार करा: सुधारणा कुणाच्या नावावर, यंत्र बनवायचा हक्क कुणाला? नाहीतर मेहनत आपली अन् हक्क दुसऱ्याचा!