एका सहीचा तास

बँकेत सोनेतारणाचं कर्ज थकलं तर आम्ही आधी पत्र पाठवत असू, मग रजिस्टर्ड नोटीस, मग जाहिरात देऊन लिलाव. पाटल्या सोडवायला कर्जदाराला महिने मिळत. शेअरबाजारात उधारीवर सौदा करणाऱ्याला मिळतात ते तास.

हिशेब साधा आहे. स्वतःचा एक लाख, दलालाचे चार. शेअर्स पाच लाखांचे. भाव वीस टक्के पडला की तुमचा लाख संपला. तो संपायच्या आत दलाल ‘मार्जिन भरा’ म्हणतो. नाही भरलं तर शेअर्स विकून मोकळा होतो. यात त्याचं काही चुकत नाही, पैसा त्याचा असतो. पण सगळेच दलाल एका सकाळी विकायला निघाले की भाव आणखी कोसळतो आणि आणखी कुणाचा तरी सौदा कापला जातो.

अशी एक सकाळ २२ जानेवारी २००८ ची. आदल्या दिवशी, सोमवारी, सेन्सेक्स १,४०८ अंकांनी पडला होता. मंगळवारी उघडताच तो दहा टक्क्यांहून अधिक घसरला आणि नियमाप्रमाणे व्यवहार तासभर थांबले. त्याच तासात नाशिकच्या आमच्या शाखेत एक शिक्षक शाळा बुडवून धापा टाकत आले. मुलीच्या लग्नाची मुदतठेव मोडायची होती. पावती पाहून मी म्हणालो, “सर, ठेव दोघांच्या नावावर आहे. मुदतीआधी मोडायची तर वहिनींचीही सही लागेल.”

सर नुसते पाहत राहिले. वहिनींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. (कादंबरीकार म्हणवतो खरा, पण माणसं वाचायला मला नेहमीच उशीर होतो.) सहीसाठी घरी गेलेले सर परत आलेच नाहीत. बाजार सुरू होताच त्यांचे शेअर्स विकले गेले.

दुसऱ्याच दिवशी सेन्सेक्स ८६४ अंकांनी वर गेला. सरांचा फोन आला, “साहेब, एवढी एक सही चालवून घेतली असतीत तर?” मी गप्प बसलो. ऑक्टोबरात निर्देशांक नऊ हजारांच्याही खाली आला. मार्जिन भरता भरता तोवर ती ठेवही गेली असती, असं मला वाटतं. सरांना मात्र हे कधी बोललो नाही.

हल्ली पुष्कळदा दलालाचा फोनही येत नाही, यंत्रच सौदा कापतं. सेबीच्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर्सच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला.

सरांच्या मुलीचं लग्न त्याच वर्षी मे महिन्यात झालं. ठेव मुदत भरल्यावर, दोन्ही सह्यांनिशी मोडली. पंगतीत वहिनी स्वतः माझ्या पानात जिलेबी वाढायला आल्या. सर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होते, ते तिथेच राहिले.