भिंतीवरची बॅट उशिरा का फिरते?

नाताळच्या सुट्टीत निपाणीला घरी गेले, तर धाकट्या भावाचं तोंड उतरलेलं. आईने ब्लाऊज शिवून साठवलेल्या पैशांतून त्याला प्रोजेक्टर घेऊन दिला होता. हॉलच्या पांढऱ्या भिंतीवर क्रिकेटचा गेम लावला की मैदानच घरात आल्यासारखं वाटे. पण टीव्हीवर शतकं ठोकणारा हा गडी इथे दर वेळी क्लीन बोल्ड! "ताई, आईला सांगू नकोस, पैसे पाण्यात गेले," तो हळूच म्हणाला.

मी पडले साहित्याची विद्यार्थिनी. तरी दोन दिवस बसून माहितीपुस्तिका वाचली. जे समजलं ते सांगते.

गेम बहुधा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकतं. बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम भिंतीवर दिसेपर्यंत जाणारा वेळ म्हणजे 'इनपुट लॅग'. तो १०० मिलिसेकंद झाला, तर आपण सहा चित्रं मागे! सिनेमा बघताना हे कळतही नाही, कारण सिनेमा आपल्या बोटाची वाट बघत नाही. गेममध्ये मात्र तेवढ्यात दांडी गुल.

हा उशीर येतो कुठून? भावाने प्रोजेक्टर स्टुलावर तिरका ठेवला होता. त्यामुळे चित्र वर रुंद, खाली अरुंद पडे. ते चौकोनी करायला 'कीस्टोन' ही सोय प्रत्येक चित्र नव्याने आखते. रंग खुलवणं, हालचाल गुळगुळीत करणं, हे आणखी वेगळं. प्रत्येक कामाला वेळ लागतो.

इथे मला कल्याणच्या पटवर्धनांची 'शांबरिक खरोलिका' आठवली. १८९२च्या सुमारास महादेव गोपाळ पटवर्धन काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडत. काच हाताने सरकवली की चित्र त्याच क्षणी सरके. मध्ये हिशेब करत बसणारं कोणी नव्हतं!

मग आम्हीही मधली माणसं कमी केली. प्रोजेक्टर कपाटावर, भिंतीला सरळ काटकोनात ठेवला आणि कीस्टोन बंद केलं. 'गेम मोड' लावला. वायफायऐवजी एचडीएमआय केबल जोडली. ब्लूटूथ स्पीकरचा आवाजही मागे पडतो, म्हणून तोही वायरने जोडला. चित्र थोडं लहान केलं. कारण रुंदी दुप्पट केली तर तोच उजेड चौपट जागेवर पसरतो आणि चेंडू फिकट दिसतो.

रात्री दिवे घालवले, गोठ्यावरचा तारा तेवढा चालू ठेवला. पहिल्याच ओव्हरमध्ये भावाने दोन चौकार मारले. आई म्हणाली, "मला पण दे की रे." पहिल्या चेंडूवर तिचा त्रिफळा.

"मशीन बिघडलंय काय?"

"नाही आई," भाऊ हसत म्हणाला, "मशीन एकदम झकास आहे."