हंसराज वाळला म्हणून टाकू नका

जुन्या विहिरीच्या आतल्या अंगास, चिऱ्यांच्या फटींतून, केसासारख्या काळ्याभोर देठांवर पंख्याच्या आकाराची नाजूक पाने लोंबताना वाचकांनी पाहिली असतील. हाच हंसराज. इंग्रज लोक त्यास मेडनहेअर, म्हणजे कुमारिकेचे केस, असे म्हणतात. ‘ॲडिअँटम’ हे त्याचे शास्त्रीय नाव ग्रीक असून त्याचा अर्थ ‘न भिजणारा’ असा आहे. कारण पाण्याचे थेंब त्याच्या पानांवरून ओघळून जातात. मात्र ज्याचे पान भिजत नाही, त्याच्या मुळांना कोरडेपणा मुळीच सोसत नाही!

हा धडा आम्ही नुकसान सोसून शिकलो. एका उन्हाळ्यात आम्ही चार दिवस परगावी होतो. परतून पाहतो तो कुंडीतला हंसराज करपलेला. मेला असे समजून आम्ही तो परसात टाकून दिला. पावसाळा लागला आणि त्याच गड्ड्यातून गुंडाळलेले कोवळे कोंब वर आले! पाने गेली, तरी मूळखोड जिवंत होते.

म्हणून वाळलेली पाने मातीलगत कापावीत, कुंडी सावलीत ठेवावी, माती ओलसर राखावी आणि काही आठवडे धीर धरावा.

प्रत्येक जातीचा स्वभाव मात्र ओळखला पाहिजे. विहिरीवरच्या जातीस चुना मानवतो. तिच्या मातीत जुन्या चुन्याच्या गिलाव्याचे तुकडे मिसळावेत. रोपवाटिकेत बहुधा मिळते ती दक्षिण अमेरिकेतील जात. तिला कुजलेल्या पालापाचोळ्याची भुसभुशीत माती हवी, आणि ती दिवाणखान्यात शोभते. सह्याद्रीत पावसाळ्यात दरडींवर उगवणारी जात बागेतील सावलीत लावावी. तिच्या पानाचे टोक मातीस टेकले, की तेथे मुळे फुटून नवे रोप होते. पावसाळा सरल्यावर ती आपोआप वाळते. तो रोग नव्हे, ती तिची झोप होय. तेव्हा पाणी कमी करावे.

घरात खिडकीजवळ उजेड असावा, पण ऊन व पंख्याचा वारा नसावा. ग्वाल्हेर-इंदूरकडील कोरड्या उन्हाळ्यात, पाणी घातलेल्या खड्यांच्या ताटलीवर कुंडी ठेवावी. कुंडीचा तळ मात्र पाण्यात बुडू देऊ नये. गोवा-बेळगावकडे पावसाळ्यात पाण्याचा निचरा तेवढा सांभाळावा.

आता आमच्या पडवीत एखादी कुंडी उघडीबोडकी दिसली, तर पाहुण्यांनी नवल करू नये. तीत कोणी तरी झोपलेले आहे.